वरच्या खोलीत काहीतरी फुगतंय

…आन वर मलाच म्हणतात, तुमी लई संशयी! मी? अहो, मी संशयी असतो तर ह्या बाळीवेशीत माझी चार माणसांत ऊठबस राहिली असती का? जकात नाक्यावर उभी हयात गेली माझी, तेव्हापासनं हेच ऐकतोय. ट्रक आला की ड्रायव्हर म्हणायचा, "महादेवप्पा साहेब, कांदाच हाय, सोडा की." बरं, असंल कांदा. पण वरचं पोतं कांद्याचं हाय म्हणून खालचं बी कांद्याचंच असतंय का? काठी खुपसून बघाय लागतंय. खुपसली की खालनं काय निघायचं? साड्या! आता कांद्याखाली साड्या कशाला लागतात? कांद्याचं लगीन होतं का काय? तुमाला सांगतो, मी संशयी माणूस न्हाय. पण डोळं उघडं ठेवायला काय जातंय?

पुढं जकात बंद झाली, नाका मोडला, मी घरी बसलो. घरी म्हणजे कुठं, तर दारात. खुर्ची टाकून. सवय हाय. येणाऱ्याच्या पिशवीवर एक नजर टाकायची, जाणाऱ्याच्या पिशवीवर एक टाकायची. झडती न्हाय हां, नुसती नजर. घरात माणसं तरी किती? मी, आमची ही, आन नात ऋतुजा. मुलगा-सून मोहोळला नोकरीला, पोरीची अकरावी सोलापुरात, म्हणून ती आमच्यापाशी. वर एक खोली, ती भाड्यानं. आन लिंगायताचं घर आमचं, पिढ्यान्‌पिढ्या ह्या उंबऱ्याच्या आत अंडं आलेलं न्हाय. मटण सोडा, मासळी सोडा, अंडं न्हाय! ते कसं दिसतंय हे बी मी लांबनं, दुकानाच्या ट्रेमधलं बघितलेलं. पांढरं, टणक, रांगेनं बसलेलं. तेवढीच आमची ओळख.

आन एवढं असून, मागच्या महिन्यात आमच्या कचऱ्याच्या डब्यात काय सापडावं? अंड्याची टरफलं! कागदात गुंडाळून, वर भाजीची देठं टाकून. म्हणजे बघा, पुन्हा वर कांदा आन खाली साड्या! मी काठीनं हलवलं म्हणून दिसलं. आता हे कुणाचं काम? विचार करायचं काय कारणच न्हाय. वरच्या खोलीत अनीश म्हणून पोरगा राहायचा, वेळापूरचा, बँकेत नोकरीला. गळ्यात तुळशीची माळ, सकाळी उठून हरिपाठ, मला बघितलं की वाकून नमस्कार. तेव्हाच मला वाटलेलं. आजकाल एवढा वाकतंय कोण? मी सगळ्या गल्लीसमोर त्याला म्हणलं, माळ घालून अंडी खातोस, खोली खाली कर. पोरगा एक शब्द बोलला न्हाय. खाली मान घालून सामान बांधलं, हेल्मेट काखेत मारलं आन गेला. बोलला न्हाय म्हणजे काय? म्हणजे खरं हाय. असं मी गल्लीत सांगितलं. चार लोकं म्हणली बी, "महादेवप्पा, तुमी हाय म्हणून गल्ली हाय."

मग खोली रिकामी पडली. आन खरी गंमत तितनं सुरू झाली.

एका संध्याकाळी ऋतुजा मोठ्यानं अभ्यास करत बसलेली. "पेशीपटल हे निवडक पारपटल असते." मी दारातनं विचारलं, म्हणजे काय गं? ती म्हणली, "आजोबा, प्रत्येक पेशीच्या भोवती एक पातळ पडदा असतो. काय आत जायचं, काय बाहेर यायचं, ते तो ठरवतो." अरे! म्हणजे नाकाच की! मी खुर्ची आत ओढली. म्हणलं, सांग बाई, नीट सांग, ह्यातलं मला कळतंय. ती सांगाय लागली. म्हणं पडदा तेलकट कणांचा असतो. दोन थर. प्रत्येक कणाला एक डोकं आन दोन शेपट्या. डोकी पाण्याकडं, आन शेपट्या आतल्या बाजूला, लपवलेल्या. मी म्हणलं, शेपटी लपवायचं कारण काय? "आजोबा, त्यांना पाणी नको असतं." बरं. पुढं? म्हणं ऑक्सिजन तसाच जातो, कुणी अडवत न्हाय. का? "लहान असतो." न्हाय बाई, लहान असतो म्हणून कुणी सोडत नसतंय, ओळखीचा असणार! साखरेला मात्र दार लागतं. प्रथिनांची दारं असतात म्हणं, पाण्याला वेगळं, साखरेला वेगळं. मिठाला तसं घुसता येत न्हाय, अडवतात. म्हणलं हे मात्र ब्येस, शिस्त हाय. मग म्हणली, "आणि एक पंप असतो आजोबा. तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो."

मी म्हणलं, थांब. तीन बाहेर, दोन आत. एक कुठं गेला?

"तसंच असतं आजोबा."

तसंच असतं! नाक्यावर मी असं म्हणलो असतो तर साहेबानं घरी बसवला असता मला. तुमाला सांगतो, मी संशयी माणूस न्हाय. पण तीनाला दोन, हे दर खेपेला होतंय आन कुणालाच काय वाटत न्हाय?

तर ते असो. दुसऱ्या दिवसापासनं मी बघितलं, पोरगी कॉलेजातनं आली की पहिली वर जातीय. रिकाम्या खोलीत. काय हाय तितं? विचारलं तर म्हणती, "अभ्यास. वर शांत असतं." आता मी दारात बसलेला, मुक्यानं. खाली काय बँड वाजत होता? बरं, हातात पुस्तक न्हाय, नुसता सुतळीचा तुकडा आन टेप. आमच्या हिला विचारलं, तर ही लसूण सोलत होती, मान वर न्हाय केली. "तुमाला काय करायचंय? पोरगी अभ्यास करालीय." म्हणलं बरं. दुपारी पोरगी कॉलेजात, ही आडवी झालेली. मी किल्ली काढली आन वर गेलो.

दार उघडलं आन वास! आंबूस. नाकात झिणझिण्या. मी म्हणलं, बघा, पोरगा गेला पण बाटल्या हितंच लपवून गेला. सगळी खोली बघितली. खाटेखाली बघितलं, फळीवर बघितलं. बाटली न्हाय. खिडकीत मात्र एक काचेचा गलास, वर वाटी उपडी घातलेली. वाटी उचलली, आन तुमाला काय सांगू… आत एक गोळा. काचेसारखा, पण काच न्हाय. मऊ. गलास हलवला की ते थरथरतंय. पारदर्शक असं, आन आतमधी एक पिवळी सावली. गलास इकडं केला की सावली इकडं, तिकडं केला की तिकडं. माझ्याकडंच बघायलाय असं. डोळा! कुणाचा तरी डोळा काढून ठेवलाय!

मी वाटी झाकली आन खाली येऊन तांब्याभर पाणी प्यालो. स्वतःला म्हणलं, महादेवप्पा, घाईनं मत बनवू नको. उद्या पुन्हा बघ. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. वास गेलेला, गलासात आता स्वच्छ पाणी. आन गोळा? वाढलेला! कालच्यापेक्षा मोठा, फुगून टम्म. आता मला सांगा, न खाता, न पिता, झाकल्या वाटीखाली काय वाढतंय? पीठ फुगतंय, पण पीठ बघत न्हाय.

आमच्या गल्लीच्या तोंडाला बजाबाई फुलं-बेल घेऊन बसती. म्हातारी बाई, सगळं बघितलेली. तिला नाव न घेता विचारलं, म्हणलं, कुणाच्या तरी घरी असं असं हाय, काय असंल? ती बेल निवडायची थांबली. "तुमच्या घरातनं कुणी रागानं गेलंय का?" अनीश! वेळापूरचा! त्या पोराच्या खोलीतच हे बसवलंय. करणी! बजाबाई म्हणली, "खडामीठ घ्या मूठभर, तीनदा उतरा आन टाका त्याच्यावर. करणी असंल तर आकसती. मिठापुढं काय टिकत न्हाय."

आता मी शिकलेला माणूस. करणी-बिरणी मानत न्हाय. पण मीठ टाकायला काय जातंय?

टाकलं. दुपारी, कुणी नसताना. खडामीठ मूठ भरून तीनदा उतरलं, गलासात सोडलं, आन कडुलिंबाच्या काडीनं ढवळलं. आन काय सांगू, तळाला बसलेलं ते, हळूच… हललं. आन वर आलं. वर! पाण्यावर! तरंगाय लागलं आन पिवळा डोळा सरळ माझ्यावर! मी वाटी झाकली आन जिन्यावरनं कसा उतरलो ते मलाच ठाऊक न्हाय. एक चप्पल वरच, खाटेखाली सरकून राहिली.

पण दुसऱ्या दिवशी बघतो तर, आकसून पुन्हा तळाला गेलेलं! सुरकुत्या पडल्यात, म्हातारं झालंय. म्हणलं, शाब्बास रे मीठ! मी एकटाच खोलीत हसलो. आन तिसऱ्या दिवशी? गलासात पुन्हा स्वच्छ पाणी, मीठ गायब, आन ते पुन्हा टम्म. म्हणजे कुणीतरी पाणी बदलतंय! मी मीठ टाकायचं, त्यानं फुगवायचं. मी पुन्हा टाकलं. ते पुन्हा आकसलं. ते पुन्हा फुगलं. आठवडाभर हे चाललेलं. तिकडनं तो लढतोय, हिकडनं मी. आमची ही एक दिवस म्हणली, "खडामीठ एवढं कसं सरालंय घरात?" मी म्हणलं, भाव वाढल्यात. तोंडाला येईल ते बोललो.

इकडं पोरगी मात्र उतरत चाललेली. ताटावर बसती आन घास फिरवत बसती. वरनं खाली आली की डोळे लाल. झालं, म्हणलं, करणी पोरीवर लागू पडली. मला खरंच भ्या वाटलं, तुमाला सांगतो. आपल्याला काय झालं तर झालं, म्हातारं माणूस. पण पोरगी?

मग गुरुवारी सकाळी ही आन ऋतुजा दोघी तयार होऊन निघाल्या. कुठं? "सिद्धेश्वराला जाऊन येतो." बरं. पण हातात परडी न्हाय, फुलं न्हाय, आन पोरीच्या पाठीवर कॉलेजची पिशवी. देवाला पिशवी कशाला? आन ही इतकी वर्षं माझ्याबिगर सिद्धेश्वराला गेलेली न्हाय. तुमाला सांगतो, मी संशयी माणूस न्हाय. पण रिक्षा करून मागनं गेलो.

देऊळ हिकडं राहिलं आन ह्यांची रिक्षा गेली कॉलेजात. मी अंतर ठेवून मागं. जिना चढलो, एका खोलीच्या दारापाशी थांबलो. आत बाटल्या, नळ्या, लांब टेबलं, मागं वर्गातली पोरं. ही बाकावर बसलेली, पदर सावरून. ऋतुजा उभी. समोर मालती मॅडम, पोरगी घरी नेहमी त्यांचंच नाव घेती. चष्म्यावरनं बघत होत्या. आन ते बघणं मी ओळखलं. नाक्यावर आरशात मी रोज तसंच बघायचो.

मॅडम आमच्या हिला सांगत होत्या की तुमची ऋतुजा हुशार आहे, पण तिनं प्रयोग केलेलाच न्हाय. घरबसल्या मनानं निरीक्षणं लिहिली. शनिवारी विज्ञानाचं प्रदर्शन आहे, तिचं टेबल आता दुसऱ्याला द्यावं लागंल. म्हणल्या, "साध्या पाण्यात ठेवलेलं अंडं फुगतं. ही लिहिते, फुगलं, मग आकसलं, मग फुगलं, मग आकसलं. असं होऊच शकत नाही."

अंडं.

मी दाराच्या चौकटीला धरलं. अंडं? टरफल कुठं होतं त्याला?

आत पोरगी सांगायलीय. "मॅडम, व्हिनेगरमध्ये टरफल विरघळलं, आतला पापुद्रा राहिला. पेशीपटलासारखाच, पाणी जाऊ देतो, बाकीचं अडवतो. मग मी साध्या पाण्यात ठेवलं. बाहेर पाणी जास्त म्हणून पाणी आत जायला हवं. पहिल्या दिवशी तसंच झालं. मग ते आकसलं. मलाही कळत नाही, मॅडम. पण रोज सुतळीनं घेर मोजून मला जे दिसलं तेच मी लिहिलं." मॅडम म्हणल्या, आकसायचं तर बाहेरच्या पाण्यात मीठ पाहिजे. मीठ बाहेर जास्त असलं की पाणी आतनं मिठाकडं ओढलं जातं. होतं का मीठ? पोरगी म्हणली, "नाही मॅडम. पाणी मी स्वतः भरलं होतं." मॅडमनी मान हलवली. म्हणल्या, चुकलेला प्रयोग मी माफ करते, बनवलेला न्हाय. आन पोरीच्या डोळ्यातनं टपकन पाणी.

तुमाला सांगतो, मी दाराबाहेर उभा, एकेक जुळवत. म्हणजे तो डोळा न्हवता. करणी न्हवती. अंडं होतं. माझ्या घरात अंडं! आन मी काय केलं? त्याच्यावर मीठ टाकलं, ढवळलं… म्हणजे निम्मा स्वयंपाकच केला की मी!

आता आत जायचं का परतायचं? परतलो तर कुणाला कळणार न्हाय. आत गेलो तर मॅडमसमोर, पोराटोरांसमोर सांगावं लागणार की बाळीवेशीतला महादेवप्पा, ज्यानं टरफलावरनं भाडेकरू हाकलला, त्याच्याच खिडकीत अंडं होतं. वर म्हणावं लागणार की करणी समजून मीठ टाकलं. सायन्सच्या खोलीत! गल्ली काय म्हणंल? नाव गेलं की गेलं. पण आत पोरगी खोटी ठरायली. जे दिसलं तेच लिहिलं म्हणती, आन ते खरं हाय हे ह्या सोलापुरात एकट्या मला ठाऊक.

मी आत गेलो. म्हणलं, "मॅडम, मीठ मी टाकलं."

आमची ही बाकावरनं उठलीच. पोरगी माझ्याकडं बघत राहिली. आन मॅडम? मॅडमनी माझ्यावर विश्वास ठेवला असं वाटतंय तुमाला? मुळीच न्हाय! चष्म्यावरनं बघितलं आन म्हणल्या, "आजोबा, नातीला वाचवायला आलात ना?" आयुष्यात पहिल्यांदा मी होऊन खरं सांगायलो, तर माझ्यावर संशय! म्हणलं, न्हाय ओ, खरंच. म्हणल्या, मग का टाकलं मीठ? आता सांगा… सगळा वर्ग बघालाय. म्हणलं, "करणी वाटली." मागनं पोरं खुसखुसली. मॅडम हसल्या न्हाईत. म्हणल्या, मीठ टाकल्यावर काय झालं ते सांगा बघू. मी म्हणलं, काय व्हायचंय, तळाला होतं ते तरंगत वर आलं आन माझ्याकडं बघाय लागलं. दुसऱ्या दिवशी सुरकुत्या पडल्या.

"तरंगलं?" मॅडमनी चष्मा काढला. "ते ऋतुजानं कुठंच लिहिलेलं नाही."

"ती नव्हती तितं. मी होतो. माझी एक चप्पल अजून वरच हाय."

मग मॅडम बसल्या. म्हणल्या, मीठ घातल्यावर पाणी जड होतं, म्हणून अंडं तरंगतं. हे बघितल्याशिवाय कुणी सांगत न्हाय. मग पोरीकडं वळून म्हणल्या, निरीक्षणं तुझी खरी होती, माझं चुकलं. टेबल तुझंच. पोरगी आली आन सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात पडली. उभा राहिलो लाकडासारखा. लई बरं वाटलं एवढंच सांगतो.

हितं गप बसावं ना माणसानं? पण न्हाय. मला आलं अवसान. छाती काढून म्हणलं, "मॅडम, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडं शिरलं न्हाय. हे पहिलं, आन शास्त्रासाठी म्हणून चालवून घेतलं." आन बोलता बोलता मला दिसलं, आमच्या हिनं ऋतुजाकडं बघितलं. ऋतुजानं हिच्याकडं बघितलं. आन दोघींनी खिडकीतनं बाहेर बघितलं. अहो, दोन ड्रायव्हर एकमेकांकडं असं बघितले की मी टपावर चढत होतो!

परत येताना रिक्षात विचारलं. ही म्हणली, "पोरीच्या अंगात रक्त न्हवतं. चक्कर येऊन पडली, तुमी लग्नाला गेलता तेव्हा. डॉक्टरनं सांगितलं, रोज एक अंडं द्या. तुमाला विचारलं असतं तर पोरगी तशीच पांढरी राहिली असती." म्हणलं, कधीपासनं? "दिवाळीपासनं." दिवाळी! आन उकडत कुठं होता? "वर. अनीश आणायचा आन किटलीत उकडून द्यायचा. त्याची माळ हाय, तो शिवत न्हाय, चिमट्यानं उचलायचा. गेला तेव्हा एक राहिलेलं, तेच पोरीनं प्रयोगाला घेतलं." म्हणलं, पण मी दारात बसतो, माझ्यासमोरनं आलं कसं? तर ऋतुजा हळूच म्हणली, "हेल्मेटमधनं, आजोबा." हेल्मेटमधनं! मी इतके दिवस त्याची पिशवी बघत होतो आन पोरगा हेल्मेट काखेत धरून मला वाकून नमस्कार करायचा!

आन ती टरफलं. ती माझ्याच घरातली. ते पोरगं सगळ्या गल्लीसमोर बोलणी खात उभं राहिलं, ह्या दोघींचं नाव घेतलं न्हाय, आन सामान बांधून गेलं. मला रिक्षात मान वर करवेना. नाक्यावर इतकी माणसं अडवली, पण असा निर्दोष माणूस कधी परत पाठवला नव्हता मी. ही म्हणली, "तुमी दारात बसून कुणाला अडवलं, ते आता तुमीच बघा." वारा बी अडला नसंल माझ्यानं.

रिक्षा तशीच वळवली. जुळे सोलापुरात कुठंतरी खोली घेतलेली त्यानं, हिला पत्ता ठाऊक, आता त्यात नवल ते काय. अनीश बँकेत जायच्या गडबडीत दारात आला, मला बघून सवयीनं वाकला. मी त्याचे खांदे धरले. म्हणलं, चुकलं माझं, पोरा. विचारायचं तरी होतं मी. तो म्हणला, "बरं झालं काका, तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं, आणि गळ्यात माळ आहे." काय पोरगं हाय! म्हणलं, चल, खोली तुझी हाय. तो तयार झाला, पण मला म्हणला, रविवारी येतो.

शनिवारी प्रदर्शन झालं. ऋतुजानं मोठा तक्ता लावलेला. दोन थरांचं पेशीपटल, डोकी-शेपट्या, दारं, पंप, सगळं. आन खाली रकाना: 'साधे पाणी: फुगले. आजोबांनी मीठ टाकले: आकसले.' मोठ्या अक्षरात! गल्लीतली लोकं आलेली बघायला. मी एका कोपऱ्यात, म्हणलं आता निघणार माझी धिंड. तर एक जण आला, खांद्यावर हात ठेवला, कानाशी लागला, "महादेवप्पा, आमच्याकडं बी डॉक्टरनं सांगितलंय बरं का." दुसरा आला, "कुणाला बोलू नका, आमच्या धाकट्याला जिमवाल्यानं…" म्हणजे सगळ्या बाळीवेशीत मीच एकटा आतून-बाहेरून कोरा! पोरीचा पहिला नंबर आला. मालती मॅडमनी स्टेजवरनं माझं बी नाव घेतलं. टाळ्या पडल्या. पोरगी तितनं हात हलवत होती, गालावर चांगलं रक्त होतं. मी नीट बघितलं. आधीच बघायला पाहिजे होतं.

रविवारी अनीश सामान घेऊन आला. हेल्मेट मी आपण होऊन दुसरीकडं बघून आत जाऊ दिलं. त्याच्या हातात बेकरीचा खोका, ऋतुजाच्या नंबरासाठी केक. हिनं सुरी आणली, पोरीनं कापला, पहिला तुकडा माझ्यासमोर धरला. मऊ, पिवळा, फुगलेला… आता हे फुगतंय कशानं? मी खोका हळूच फिरवला, हिरवा ठिपका दिसतोय का म्हणून. ठिपक्याच्या जागी बेकरीवाल्यानं भावाचं लेबल चिकटवलेलं. बरं, म्हणलं, अनीश खातोय का बघू, त्याची माळ हाय. म्हणलं, घे की रे. तर म्हणतो, "नको काका, आज एकादशी." एकादशी? आज? कॅलेंडर समोरच्या भिंतीला टांगलेलं होतं. नुसती मान वळवली असती तर कळलं असतं. ही माझ्याकडं बघायली. ऋतुजा तुकडा धरून उभी, हात अवघडलेला. तुमाला सांगतो, मी संशयी माणूस न्हाय… मान न्हाय वळवली मी. तोंड उघडलं. विचारायला न्हवं, खायला.